आधी टायर, शेवटी दांडी

पनवेलच्या गाडीवेड्या माणसाला रस्त्यांची वानवा नाही. कळंबोलीहून पुण्याचा द्रुतगती मार्ग सुटतो, पळस्पे फाट्यावरून गोव्याचा महामार्ग दक्षिणेला वळतो आणि जुना पुणे रस्ता शेडुंग-खोपोलीवरून बोरघाटाला भिडतो. वानवा आहे ती ट्रॅकची. मोटार शर्यतींसाठी बांधलेली आपल्याकडची मोठी सर्किट सगळी लांब. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं सर्किट १९९० पासून चालू आहे. त्याची लांबी सुमारे ३.७ किलोमीटर. कोइमतूरला २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे आहे. ग्रेटर नोएडाचं ५.१ किलोमीटरचं बुद्ध सर्किट २०११ साली फॉर्म्युला वनसाठी उभं राहिलं. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीचा छोटा ट्रॅक आहे. राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत.

चेन्नई पनवेलहून तेराशे किलोमीटरच्या आसपास. शर्यतीचे संघ गाड्या ट्रकवर लादून नेतात. हौशी माणूस मात्र आपल्याच हॅचबॅकमध्ये बॅग टाकून निघतो, दोन दिवस ट्रॅकवर चालवतो आणि त्याच गाडीने घरी येतो. त्यामुळे त्याच्या गाडीला दोन परीक्षा द्याव्या लागतात. ट्रॅकच्या गुळगुळीत डांबरावर ती वळणाला चिकटून राहिली पाहिजे, आणि पावसाळ्यातल्या खड्ड्यांतून धडपणे परतलीही पाहिजे. अशा गाडीवर पैसे कुठे आणि कोणत्या क्रमाने खर्च करायचे, ते या प्रकरणात पाहू. बहुतेक जण सुरुवात करतात ती बॉनेट उघडल्यावर चमकणाऱ्या दांडीपासून, म्हणजे पुढच्या दोन शॉकअपची वरची टोकं जोडणाऱ्या स्ट्रट ब्रेसपासून. ती वाईट वस्तू नाही, पण तिचा नंबर शेवटचा का, हे आकड्यांतून कळतं.

वळणावर वजन कुठे जातं

ड्रायव्हरसकट १,००० किलो वजनाची, साधारण स्विफ्टच्या मापाची एक गाडी धरू. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १.४७ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर वर. उभ्या गाडीत डाव्या बाजूच्या चाकांवर ५०० किलो आणि उजव्या बाजूच्या चाकांवर ५०० किलो. आता ही गाडी जोरात उजवीकडे वळवली आणि बाजूला खेचणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट झाला. आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती वजन सरकेल? १,००० गुणिले ०.८ गुणिले ०.५५, भागिले १.४७. उत्तर येतं सुमारे ३०० किलो. म्हणजे डावीकडे ८०० आणि उजवीकडे २००.

या सूत्रात स्प्रिंगचं नाव नाही, शॉकअपचं नाही आणि दांडीचंही नाही. वजन, उंची, रुंदी आणि बाजूला खेचणारा जोर यांवरच एकूण सरकणारा भार ठरतो. गाडी ३० मिलिमीटर खाली बसवली तर ३०० चे २८३ होतात. फरक १७ किलोंचा. गाडी खाली बसवल्याने कमाल होते असं मानणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मग सस्पेन्शन करतं काय? सरकलेलं वजन पुढच्या आणि मागच्या चाकांत कसं वाटायचं, गाडी किती कलायची आणि कलताना टायर रस्त्यावर किती सपाट ठेवायचा, ही तीन कामं त्याची. ती महत्त्वाची ठरतात टायरच्या एका स्वभावामुळे. टायरवरचा भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. ४०० आणि १०० किलो पेलणारे दोन टायर मिळून जितकं धरतात, त्यापेक्षा २५०-२५० पेलणारे दोन टायर जास्त धरतात. म्हणून ज्या ॲक्सलवर भाराची विषम वाटणी जास्त, त्या ॲक्सलची पकड आधी सुटते.

हॅचबॅकचं दुखणं इथेच आहे. इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, ताकदही पुढच्याच चाकांना. १,००० पैकी ६०० किलोंहून अधिक वजन पुढच्या ॲक्सलवर असतं. पुढच्या टायरने वळायचं, ओढायचं आणि ब्रेकचा मोठा वाटाही उचलायचा. मागचे टायर त्या मानाने निवांत. त्यामुळे वेग वाढला की स्टिअरिंग फिरवूनही गाडीचं नाक बाहेर जात राहतं. यालाच अंडरस्टिअर म्हणतात. हॅचबॅकवरचं पुढचं सगळं काम म्हणजे पुढच्या टायरवरचा ताण कमी करणं आणि मागच्या टायरला कामाला लावणं.

टायर, हवा आणि ब्रेक

गाडी रस्त्याला चार ठिकाणी टेकते आणि प्रत्येक ठिकाण तळहाताएवढं असतं. तिथला रबर बदलला की बाकी काही न बदलता गाडी बदलते. कंपनीतून येणारे टायर बहुधा मायलेज आणि टिकाऊपणा डोळ्यांपुढे ठेवून निवडलेले असतात. त्याच मापाचा, जास्त पकडीचा टायर घेतला तर वळणातला वेग जितका वाढतो, तितका दुसऱ्या कोणत्याही एका सुट्या भागाने वाढत नाही. मोठी रिम आणि पातळ टायर हा दिखाऊ सौदा. वजन वाढतं आणि कोकणातल्या पहिल्या खड्ड्यात रिम वाकते.

हवा तपासायला पैसे लागत नाहीत, पण तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. ३० अंश तापमानाला टायरमध्ये ३० पीएसआय हवा भरली आणि ट्रॅकवर आतली हवा ६० अंशांपर्यंत तापली, तर दाब साडेचौतीसच्या आसपास जातो. फुगलेला टायर मधल्या पट्ट्यावर चालतो आणि पकड घटते. म्हणून दाब मोजायचा तो दोन-चार फेऱ्या मारून गाडी आत आणल्यावर, टायर गरम असतानाच, आणि वाढलेली हवा काढायची. मापक स्वतःचा ठेवावा. पेट्रोल पंपावरच्या यंत्रांचं एकमेकांशी पटेलच असं नाही. आणि परतीच्या प्रवासाआधी थंड टायरमध्ये हवा पुन्हा कंपनीने सांगितल्याएवढी भरावी.

ब्रेक हा सस्पेन्शनचा विषय नाही, पण तो टाळून ट्रॅकवर जाता येत नाही. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, डॉट ४ चा २३०. हवेतला ओलावा शोषला की हेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत खाली येऊ शकतात. पनवेलच्या दमट हवेत दोन पावसाळे काढलेलं ऑइल घेऊन ट्रॅकवर गेलात, तर काही फेऱ्यांतच पेडल मऊ पडण्याचा धोका असतो. ताजं डॉट ४ ऑइल आणि चांगले पॅड हा खर्च दांडीच्या आधीचा आहे.

लिफ्टवर चढवलेली गाडी

आठ-दहा वर्षं वापरलेली हॅचबॅक लिफ्टवर घेतली की खरी यादी दिसते. पुढच्या चाकाला गाडीशी जोडणारा लोअर आर्म, त्याच्या एका टोकाला बॉल जॉइंट आणि दुसऱ्या टोकाला रबराचे बुश. मेकॅनिक पहारीने आर्म हलवून बघतो. रबर चिरलेलं असेल तर आर्म मागेपुढे सरकतो. उभ्या गाडीत सरकणारा हा आर्म जोराच्या ब्रेकखाली त्याहून जास्त सरकतो आणि चाकाची दिशा बदलते. ड्रायव्हरला वाटतं गाडीचा सांगाडा ढिला आहे. प्रत्यक्षात दोष काही शे रुपयांच्या बुशमध्ये असतो. तसंच शॉकअपच्या वरच्या माउंटचं आणि मागच्या बीमच्या बुशचं. पॉलियुरेथेनचे कडक बुश मिळतात, पण ते धक्के आत पोहोचवतात आणि ग्रीस सुकलं की करकरतात. रस्ता आणि ट्रॅक दोन्ही करणाऱ्या गाडीला कंपनीचे नवे बुश पुरतात.

याच वेळी खालचा पत्रा नीट पाहावा. खाडीकाठची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी सबफ्रेमचे बोल्ट, जॅक लावायच्या जागा आणि शॉकअप टॉवरचे जोड गंजतात. गंजलेल्या पत्र्यावर बसवलेली दांडी शोभेची.

नंतर अलाइनमेंट. आपल्याकडच्या हॅचबॅकमध्ये पुढे जवळजवळ सर्रास मॅकफर्सन स्ट्रट असतो. स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र बसवलेली, स्वस्त आणि आटोपशीर रचना, पण तिची एक खोड आहे. गाडी कलली की चाकही जवळजवळ तितकंच बाहेर कलतं आणि टायर बाहेरच्या कडेवर चालू लागतो. ट्रॅकवरून आल्यावर टायरची बाहेरची कड सोललेली दिसते ती यामुळे. उपाय म्हणजे चाक आधीच थोडं आत कलवून ठेवायचं, म्हणजेच निगेटिव्ह कॅम्बर द्यायचा. कंपनीतून येताना हा कोन शून्याच्या आसपास असतो, ट्रॅकसाठी उणे दोन-तीन अंश चालतात. बहुतेक छोट्या गाड्यांत तो बदलायची सोय नसते. मग चाकाला आधार देणाऱ्या नकलच्या वरच्या बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट टाकतात आणि एक-दीड अंश मिळवतात. जाऊन-येऊन गाडी चालवणाऱ्याने उणे दीडच्या आसपास थांबावं. कमी पैशांत अंडरस्टिअर घटवणारा हा सर्वांत चांगला इलाज.

स्प्रिंग आणि शॉकअप

आता खर्चाची कामं. आपल्या गाडीच्या पुढच्या एका चाकावर ३१० किलो भार. चाक, ब्रेक वगैरे वजा जाता स्प्रिंगवर उरतात २७० किलो. स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला २५ न्यूटन लागत असतील, तर गाडीचा तो कोपरा सेकंदाला सुमारे दीड वेळा झुलतो. रस्त्यावरच्या गाडीला हे ठीक. ४० न्यूटनची स्प्रिंग घातली तर झुलणं सेकंदाला जवळजवळ दोनवर जातं. कलणं कमी होतं, स्टिअरिंगला जबाब लवकर मिळतो. त्यापुढे गेलात तर पनवेल-इंदापूर रस्त्यावर कंबर जाब विचारते. आणि प्रश्न नुसता सुखाचाच नव्हे, फार कडक स्प्रिंगची गाडी खडबडीत डांबरावर टायर उचलते. उचललेला टायर काहीच धरत नाही.

स्प्रिंग कडक केली की शॉकअपही तिच्या जोडीचा हवा. स्प्रिंग दाबली जाते तेव्हा ताकद साठवते आणि ती उलगडताना आवरण्याचं काम शॉकअपचं. जुन्या शॉकअपवर कडक स्प्रिंग चढवली तर गाडी एका उंचवट्यावर दोन-तीनदा नाचते. म्हणून पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर शॉकअप घ्यावा, स्प्रिंग कंपनीचीच ठेवावी.

स्प्रिंग कापून गाडी खाली बसवायचं खूळ अजून गेलेलं नाही. कापलेली स्प्रिंग थोडी कडक होते हे खरं. पण तिची लांबी घटल्याने चाक हवेत लोंबलं की ती आपल्या बैठकीतून सुटू शकते. शिवाय जागेचा प्रश्न असतो. वर सांगितलेल्या वळणात कलणं रोखणारा अँटी-रोल बार मदतीला असूनही पुढचं बाहेरचं चाक चाळीसेक मिलिमीटर वर जातं. गाडी आधीच ४० मिलिमीटर खाली बसवली असेल तर ते चाक सरळ बंप स्टॉपच्या रबरावर जाऊन आदळतं. त्या क्षणी पुढचं सस्पेन्शन एकदम दगड होतं, पुढच्या टायरवर भार कोसळतो आणि नाक बाहेर जातं. मॅकफर्सन रचनेत आणखी एक गोम आहे. गाडी खाली बसली की लोअर आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतो. कलवणारी तरफ लांब होते. म्हणजे सरकणारे काही किलो वाचवायला गेलो आणि कलणं वाढवून बसलो. १५ ते २५ मिलिमीटर, तेही जोडीच्या स्प्रिंग आणि शॉकअपसह, ही शहाणी मर्यादा.

मागचा बार

मागे टॉर्शन बीम असतो. दोन चाकांना जोडणारी, एका बाजूने उघडी पोलादी पट्टी. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की ही पट्टी पिळली जाते आणि गाडीचं कलणं रोखते. तिच्यावर आणखी एक बार बोल्टने बसवला की मागचा भाग कलण्याला जास्त विरोध करतो. सरकलेल्या ३०० किलोंपैकी मागचा वाटा वाढतो, पुढचा कमी होतो. पुढच्या टायरांत भाराची वाटणी सुधारते आणि नाक आत वळतं. भर वळणात आतलं मागचं चाक उचलून तीन चाकांवर जाणाऱ्या हॅचबॅकचे फोटो आपण पाहिलेले असतात. त्यामागे हेच गणित आहे. फोक्सवॅगनने १९७६ साली गोल्फ जीटीआय काढली तेव्हा ११० अश्वशक्तीच्या इंजिनाबरोबर पुढे-मागे अँटी-रोल बारही दिले होते. पुढे २०१० मध्ये त्याच कंपनीने पोलो कप सुरू केला आणि तेव्हा चाकणला बनणाऱ्या पोलोला भारतीय सर्किटवर आणलं. कोल्हापूरचा रेसर ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या अशाच एकजात गाड्यांच्या स्पर्धांतून पुढे आला. सगळ्यांना सारखी गाडी मिळते तिथे अलाइनमेंट आणि हवेचा दाब यांवरही निकाल फिरू शकतो.

एक इशारा मात्र द्यायला हवा. मागचा बार जाड केलेली गाडी ओल्या रस्त्यावर, वळणात ॲक्सिलरेटर झटकन सोडला तर मागून सुटू शकते. जुलै महिन्यात बोरघाट उतरताना हा धडा शिकू नये. समायोज्य बार असेल तर पावसाळ्यात तो मऊ खुणेवर ठेवावा.

दांडीचं गणित

आता ती चमकणारी दांडी. हॅचबॅकला मागे मोठा दरवाजा असतो आणि मागच्या सीटमागे सेडानसारखी पत्र्याची भिंत नसते. झाकण काढलेलं चपलांचं खोकं हातात धरून पिळलं तर जसं वळतं, तसाच हा सांगाडा पिळायला सोपा. म्हणून दांड्या लावायच्या, हा विचार चुकीचा नाही. प्रश्न किती फरक पडतो हा आहे.

सांगाड्याचा पिळण्याला होणारा विरोध मोजतात तो एक अंश वळवायला किती न्यूटन-मीटर लागतात यावर. लॅम्बोर्गिनी अव्हेंटाडोरचा आकडा ३५,००० आहे. आपल्या साध्या हॅचबॅकसाठी १०,००० धरू. आता पुढच्या ॲक्सलच्या २५ न्यूटनच्या दोन स्प्रिंगा गाडीच्या कलण्याला किती विरोध करतात? त्याच मापात सुमारे ४७०. म्हणजे सांगाडा स्प्रिंगांपेक्षा वीसपट ताठ आहे. पिळण्यामुळे वाया जातो साडेचार टक्के परिणाम. तो अर्ध्यावर आणला तरी ड्रायव्हरला समजणं कठीण. पण कडक स्प्रिंगा आणि जाड बार लावून हाच विरोध १,२०० वर नेला, तर सांगाडा सुमारे एक दशांश परिणाम गिळतो. आता ब्रेसिंगला काम मिळालं. आधी सस्पेन्शन, मग दांडी, हा क्रम इथून येतो.

दांडी कुठे लावायची हेही गणितच सांगतं. वळणात पुढच्या बाहेरच्या टायरवर ४०० किलो आडवा जोर आहे असं समजा. लोअर आर्मचा जोड जमिनीपासून २० सेंटिमीटरवर, स्ट्रटचं वरचं टोक ८० वर. टायर ढकलतो जमिनीवरून. समतोल मांडला तर लोअर आर्मवर सुमारे ५३० किलो येतात आणि वरच्या टोकावर सुमारे १३०. उभ्या भाराचा वाटा यात धरलेला नाही, पण चौपटीचा फरक पुरेसा बोलका आहे. जोर येतो खाली आणि दांडी घेतली जाते वर, कारण वरची दिसते. लोअर आर्मच्या दोन्ही बाजूंना सांधणारी खालची ब्रेस बॉनेट उघडल्यावर दिसत नाही, म्हणून तिला मागणी कमी. स्टिअरिंगच्या जबाबात फरक मात्र बहुधा तीच दाखवते.

वरची दांडी घ्यायचीच असेल तर ती सरळ आणि एकसंध असावी. इंजिनला वळसा घालणारी वाकडी दांडी भाराखाली आणखी वाकते. टोकांना बिजागरीसारखे जोड असलेली दांडी फक्त टॉवर एकमेकांजवळ येणं किंवा लांब जाणं रोखते, पीळ रोखत नाही. जपानची कुस्को आणि मलेशियाची अल्ट्रा रेसिंग यांचा माल आपल्याकडे येतो. नावापेक्षा बोल्टच्या जागा आपल्या गाडीशी तंतोतंत जुळतात का, ते पाहावं. भोक मोठं करून बसवलेली दांडी कामाची नाही.

खरं ब्रेसिंग पाहायचं असेल तर नाशिकच्या रॅलीत उतरणाऱ्या गाड्यांत डोकवावं. आतून सगळं काढून पोलादी नळ्यांचा पिंजरा सांगाड्याला सांधलेला असतो. तो उलटलेल्या गाडीत माणूस वाचवण्यासाठी असतो आणि सांगाडा ताठ होणं हा त्याचा जोडलाभ. रोजच्या गाडीत असा पिंजरा घालू नये. हेल्मेट नसलेलं डोकं त्या नळीवर आपटलं तर तोच पिंजरा घात करतो.

पनवेलची एमएच-४६ पाटी आणि कायदा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असा निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा कलम १८९ खाली वेगळा गुन्हा. कंपनीच्या मापाचे शॉकअप, बुश आणि टायर बदलणं ही देखभाल आहे. त्यापलीकडे काही करायचं असेल तर आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारावं. अपघातानंतर विमा सर्व्हेअरने विचारण्यापेक्षा ते बरं.

खर्चाचा क्रम

क्रम सोपा आहे. बुश, माउंट आणि गंज यांची तपासणी आधी. मग ब्रेक ऑइल आणि पॅड. इथपर्यंत देखभाल; सुधारणांत आधी टायर. मग अलाइनमेंट आणि कॅम्बर. त्यानंतर शॉकअप, त्याच्या जोडीची स्प्रिंग, मग मागचा बार. हे सगळं झाल्यावर खालची ब्रेस आणि अगदी शेवटी बॉनेटखालची दांडी. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर गरम टायरचा दाब, टायरच्या आतल्या-मधल्या-बाहेरच्या पट्ट्याची झीज आणि फेरीची वेळ वहीत लिहा. वेळ घटली नाही तर तो भाग काढून टाका, कितीही महाग असला तरी. आणि यातलं काहीही करण्याआधी कंपनीतून आली तशी गाडी घेऊन, नवं ब्रेक ऑइल टाकून, एकदा कोल्हापूरच्या किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर प्रशिक्षकाला शेजारी बसवून चालवा. पहिल्या दिवशी फेरीची वेळ सर्वांत जास्त घटते ती ड्रायव्हर सुधारल्यामुळे.